बरणीबाहेरची प्रॉपर्टी

काळी-पिवळी जीप चालवणाऱ्याच्या शिटाखाली एक पत्र्याचा डबा असतो. पाना शोधायला त्यात हात घालावा तर आधी वायर निघते, वायरीला अडकून बल्ब निघतो, बल्बाखाली मागच्या उन्हाळ्यात हरवलेला गॉगल निघतो, आणि पाना काही निघत नाही. किश्श्यांचं तसंच असतं. परवा पानपट्टीवर कुणीतरी नुसतं 'जावा' म्हणालं, आणि मला एकाला अडकून एक इतकं आठवत गेलं की चुना लावलेलं पान हातातच वाळलं.

मी परळीचा. शाळा सहावीपर्यंत, त्यातली पाचवी दोनदा, कारण ते मास्तर मला आवडायचे. पुढं परळी ते धर्मापुरी जीप चालवली. मन्मथ हा माझ्या आक्काचा एकुलता एक पोरगा, म्हणजे माझा सख्खा भाचा. तो पुण्याला जाऊन जावा शिकून आला. जावा म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम सोडायची एक भाषा. तेव्हा चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते, किराण्यात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, आणि पुण्याला गेलेली पोरं परत यायचं नाव घेत नव्हती. हा आला. मोंढ्याच्या बाजारात दाजींच्या, म्हणजे त्याच्या वडलांच्या, किराणा दुकानावरच्या माडीवर कॉम्प्युटर मांडून बसला, आणि त्यानं पत्रिका काढायचा प्रोग्रॅम बनवला. जन्माची तारीख-वेळ घाला, कुंडली छापून घ्या. नवरा-नवरीची घाला, जमतं का नाही बघा.

आता बघा, लोकांची लग्नं जुळवायचं यंत्र काढलं आणि ह्याचं स्वतःचंच जुळेना. तिशी दाराशी आली. आक्का रोज सकाळी महादेवाला जाताना स्टँडवर माझ्या जीपला आडवी यायची.

"गावोगाव हिंडतोस, माणसं कोंबून आणतोस. भाच्यासाठी एक पोरगी आणता येईना व्हय रे तुला?"

मग काय, लागलो कामाला.

*

पहिलं स्थळ बघायला गेलतो त्या गावाचं नाव सांगत नाही, तिकडं माझी अजून ये-जा आहे.

पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडलांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

मी छाती काढून म्हणालो, "जावा करतो."

त्यांचा चेहरा खुलला. "माझ्याकडं बी हाय एक. जुनी हाय, पण लई धूर सोडती. जाता जाता बघता का जरा?"

मन्मथ लाजून म्हणाला, "ती फटफटी, काका. ही कॉम्प्युटरची."

मुलीची आत्या कोपऱ्यात बसली होती. तिला जरा कमी ऐकू यायचं. फटफटी काय आणि कॉम्प्युटर काय, तिच्या कानात एक 'जावा' तेवढी शिरली. बाईच्या मनात जावा म्हणजे एकच. दिरांच्या बायका.

"ते जाऊ द्या," ती म्हणाली. "तुमच्याकडं जावा किती?"

पोरगं आधीच घाबरलेलं. परीक्षेला बसल्यासारखं ताडकन म्हणालं, "वन पॉइंट टू."

"किती?"

"एक पूर्णांक दोन. थोड्या दिवसांत नवी येणार हाय."

आत्यानं पदर तोंडाला लावला. मी टोपी नीट केली, कारण मला हसू आवरत नव्हतं. चार दिवसांनी निरोप आला: 'एकुलता एक म्हणून सांगितलं, आणि घरात सव्वा जाऊ निघाली. वर आणखी येणार म्हणं. आमची पोरगी साधी हाय.'

आक्का माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. म्हणाली, "तू तिथं हसत बसला असशील." आता माणसानं खोटं तरी किती बोलावं?

*

मन्मथ प्रोग्रॅम तयार झाला की तो सगळा एका गठ्ठ्यात बांधायचा. त्याला म्हणे 'जार' म्हणतात. जार म्हणजे बरणी, एवढं इंग्रजी मला येतं. एकदा बरणीचं झाकण लावलं की आतलं एक अक्षर बदलायला अख्खी बरणी नव्यानं भरावी लागायची. आणि ह्या शहाण्यानं गावाचं नाव, अक्षांश-रेखांश, प्रिंटर कोणता, पत्रिकेखालची तळटीप, सगळं त्या बरणीत कोंबलेलं. गावातली माणसं गावातच जन्मतात, दर वेळी जन्मगाव कशाला विचारा, असा त्याचा हिशेब.

पहिली बरणी परळीची. तीच त्यानं धर्मापुरीच्या गुरुजींना दिली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींकडं एक बाई आली, हातात पत्रिकेचा कागद. म्हणाली, "गुरुजी, मी घरात बाळंत झाले. सासू उशाला बसलेली. तुमचं मशीन म्हणतंय बाळ परळीत झालं. आता सासू इचारायली, परळीला कवा गेलतीस आन् कुणासंगं?"

गुरुजींनी बूथवरून फोन लावला. गुरुजी माणूस गंभीर. "मन्मथ, एक अडचण हाय. कालपासून धर्मापुरीत कुणी जन्मालाच येईना. सगळे परळीत जन्मायलेत."

मग मन्मथनं बरणी नवी भरली, फ्लॉपीवर घातली आणि माझ्याकडं दिली. "मामा, जपून न्या."

मी जपूनच नेली. उन्हात तापू नये, कुणाच्या बुडाखाली येऊ नये, म्हणून टेपच्या स्पीकरवर ठेवली. धर्मापुरीला पोचेपर्यंत फ्लॉपी कोरी. दुसरी नेली, तीही कोरी. तिसऱ्या वेळी मन्मथ स्वतः जीपमध्ये बसला, त्यानं फ्लॉपी कुठं ठेवतो ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मामा, स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. पुसून जातं सगळं."

"पुसलं आसंल," मी म्हणालो, "पण गाणी तर पाठ झाली असतील तिला."

*

पुढं गेवराईचं गिऱ्हाईक आलं, उमापूरचं आलं. दर गावाला वेगळी बरणी. कुणाचा प्रिंटर बदलला, भर बरणी. कुणाला तळटिपेत आजोबांचं नाव पाहिजे, भर बरणी. त्यात लाईट जायची. अर्धी भरलेली बरणी आणि गेलेली लाईट, ह्यांच्यामध्ये पोरगं वाळून चाललं. मी आणखी दोन स्थळं आणली, तर ह्याला बघायला जायला सवड होईना.

एक दिवस दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. दाजींना ब्लडप्रेशर, मीठ बंद. आक्काची आमटी अळणी, आणि मीठ पितळी वाटीत मध्ये ठेवलेलं. मन्मथ बडबडत होता की उद्या परत चार बरण्या भरायच्या.

मी म्हणालो, "बे मन्मथ, तुझी आई दाजीसाठी येगळी आमटी टाकती का? आमटी एकच. मीठ बाहेर. ज्याला जेवढं लागंल तेवढं घ्यावं."

त्याचा घास हातातच राहिला. मग तसाच उष्ट्या हातानं जिना चढला.

संध्याकाळपर्यंत झालं होतं. बरणी सगळ्यांना एकच, आणि ज्या-ज्या गोष्टी गावाप्रमाणे बदलतात त्या एका छोट्या फाईलीत, बरणीच्या शेजारी, बाहेर. नोटपॅडमध्ये उघडायची, बदलायची, सेव्ह करायची. झालं.

रात्री जेवताना म्हणाला, "मामा, पुस्तकात बी असंच लिहिलंय, सेटिंग बाहेर ठेवावी म्हणून."

"आक्काला दाखव ते पुस्तक," मी म्हणालो. "तिचं नाव घातलंय का बघू."

*

त्या बाहेरच्या फाईलीला इंग्रजीत 'प्रॉपर्टीज' म्हणतात. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला मोंढ्यातल्या किराणा दुकानाची काही कल्पना नसावी.

मन्मथ माडीवरून फोनवर गुरुजींना समजावत होता. लाईन खराब, म्हणून ओरडून. "प्रॉपर्टी बाहेर काढली! हां, सगळी! आता आत काही ठेवलं न्हाई! फाईल तुमच्याकडं पाठवतो, तुमच्या मनानं बदला!"

खाली दाजी गिऱ्हाइकाला शेंगदाणे मोजत होते. तराजू हातातच राहिला. संध्याकाळी मला बाजूला घेतलं.

"मेहुणे, खरं सांगा. मन्मथनं प्रॉपर्टीची फाईल केली म्हणं?"

आता मी काय करायला पाहिजे होतं ते मला कळतं. पण समोर दाजींसारखा माणूस, आणि प्रश्न असा सोन्यासारखा.

"केली, दाजी," मी मान खाली घालून म्हणालो. "धर्मापुरीच्या गुरुजींकडं पाठवली."

"आन् मला न्हाई दाखवली?"

"तुमाला कळणार न्हाई म्हणत हुता."

दाजी दोन दिवस पेटीतले कागद शोधत होते. तिसऱ्या दिवशी सातबारा, घराचा उतारा, सगळं पिशवीत घालून माडीवर चढले आणि पिशवी कीबोर्डवर आपटली.

"घे. एकुलता एक हायेस, वाटणी मागतोस तर कुणासंगं मागतोस रे? आदी लगीन कर. बायको येऊ दे, मग तिच्या सांगण्यावरनं माग. त्याला काय रीत हाय का न्हाई?"

मन्मथनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून मोंढ्याकडं बघत होतो. त्यानं बापाला खुर्चीवर बसवलं आणि फाईल उघडून दाखवली. गाव, अक्षांश, रेखांश, प्रिंटर, तळटीप.

दाजींनी चष्मा लावून वरून खाली वाचलं. मग खालून वर वाचलं.

"ही प्रॉपर्टी? पाच ओळींची?"

"हां."

दाजी पिशवी उचलून उठले. जिन्यावर थांबून मला म्हणाले, "मेहुणे, तुमी म्हणता पोरगी मिळंना. मिळंल कशी?"

*

उमापूरचे वीरभद्रअप्पा. पूजेचं सामान, पंचांगं, वह्या-पेनं, असं दुकान, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. तो चालवायची त्यांची लेक गिरिजा. बी.ए. झालेली, गेवराईला जाऊन टायपिंग शिकलेली.

बसवायला गेलतो तेव्हा मन्मथनं अप्पांना दहा वेळा सांगितलं, "ही फाईल बरणीच्या बाहेर हाय. हिला बाहेरच राहू द्या."

अप्पांनी मान हलवली. चार दिवसांनी फोन: प्रोग्रॅम चालू होईना. धर्मापुरीची ट्रिप सोडून मन्मथला घेऊन उमापूर गाठलं. फाईल जागेवर नाही.

"मी काय न्हाई केलं," अप्पा म्हणाले. "बाहेर पडली हुती, आत ठिवली."

दुकानदाराचा हात तो. आयुष्यभर दुकान बंद करताना बाहेर टांगलेल्या माळा आत, बाहेरचं स्टूल आत, बोर्ड आत. लेक तेव्हा मावशीकडं गेलेली, आम्ही पोचलो त्या सकाळीच परतली. अप्पांनी शिकल्याप्रमाणं फाईल उचलून फ्लॉपीवर टाकली आणि फ्लॉपी देव्हाऱ्यामागच्या लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं.

गिरिजा म्हणाली, "मी सांगितलं त्यांना, बाहेर म्हणजे दुकानाबाहेर न्हाई. तर म्हणतात, चोराला कुठं कळतंय ते."

मन्मथ खाली मान घालून फाईल जागेवर ठेवत होता. ती मागं उभी राहून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "पर फाईल न्हाई सापडली तर बंद कावून पडायचं? बरणीत बी एक साधी प्रत ठिवा की. बाहेरची घावली तर बाहेरची, न्हाई तर आतली."

मन्मथ वळला आणि तिच्याकडं बघतच राहिला. पुण्यात शिकवायला कुणी नव्हतं वाटतं असं.

परत येताना गेवराई गेली, माजलगाव आलं, पोरगं हातातली फ्लॉपी फिरवत होतं. माजलगाव सोडल्यावर म्हणालं, "मामा, उमापूरच्या मशीनला दर आठवड्याला सर्व्हिसिंग लागंल."

"मशीनला?"

"हां."

"बराबर हाय," मी म्हणालो. "धूळ लई हाय तिकडं."

*

लग्न जमण्याचा प्रोग्रॅम आधी छत्तीसपैकी किती गुण आले ते छापायचा. त्यावर धर्मापुरीच्या गुरुजींनी तक्रार केली. "आकडा छापू नको बाबा. लोक भाजी घेतल्यासारखं करायलेत. वीस आले की म्हणतात, एक वाढवा की गुरुजी, घरचंच हाय." शिवाय गुरुजी कडक. सगळे अठरा गुणांवर लग्न जमवतात, त्यांना एकवीस पाहिजेत.

म्हणून मन्मथनं दोन गोष्टी केल्या. कागदावर आकडा बंद, फक्त 'जुळते' किंवा 'जुळत नाही'. आणि कमीत कमी किती गुण पाहिजेत तो आकडा बाहेरच्या फाईलीत टाकला. धर्मापुरीला एकवीस, बाकी सगळीकडं अठरा.

ही नवी फाईल बसवायला मन्मथनं मलाच पाठवलं, कारण त्याची उमापूरची सर्व्हिसिंग होती. मागच्या खेपेला गिरिजानं मशीन तपासायला म्हणून त्याचीच जन्मतारीख-वेळ विचारून घातली होती. नोटपॅड मला येत होतं. एका बोटानं, पण येत होतं. गुरुजी आंघोळीला गेलेले. समोर फाईल उघडी, भिंतीवर मराठी अक्षरांचा तक्ता. माणूस किती सोसणार? मी तळटिपेत एक ओळ वाढवली: 'पत्रिका पाहण्यापूर्वी चहा पाजणे शास्त्रोक्त आहे.'

महिनाभर काही कानावर आलं नाही. मग मीच न राहवून गेलो. गुरुजींच्या ओट्यावर गिऱ्हाईक बसलेलं, समोर गुरुजी बशीत चहा ओतत होते.

"गुरुजी, तळटीप वाचली का?"

"पैल्याच दिवशी," गुरुजी फुंकर मारत म्हणाले. "ह्यात 'दुधाचा' एवढा शब्द घालून दे."

*

शेवटी मी वीरभद्रअप्पांकडं विषय काढला. भाचा माझा, पोरगी तुमची, दोघांना एकमेकांची भाषा कळते, आमच्या घरात तर कुणालाच कळत नाही.

अप्पा बराच वेळ उदबत्तीच्या पुड्या रचत राहिले. मग म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. मला पसंत हाय. पर पत्रिका माझ्या मशीनवर बघायची. किती जणांना मी 'न्हाई जुळत' म्हणून वापस लावलं. एक बाई तर रडत गेली इथून. आता माझ्या घरचं आलं म्हणून मी ढिलं सोडू?"

"आन् न्हाई जुळलं तर?"

"तर विषय संपला. पुन्हा काढायचा न्हाई."

त्यांनी गिरिजाच्या जन्मवेळेचं टिपण मला दिलं, आणि सांगितलं की येत्या बुधवारी मन्मथचं टिपण घेऊन या, बघून टाकू.

परळीला येऊन मन्मथनं माडीवर बसून दोन्ही टिपणं घातली. मी मागं उभा. त्यानं पडद्यावर आतला आकडा काढून बघितला.

चौदा.

खाली दाजी शेंगदाणे मोजत होते तो आवाज वर ऐकू येत होता.

मी म्हणालो, "मन्मथ, आकडा बाहेरच हाय न्हवं? अठराचं चौदा कर. एवढ्याशा कामाला मी बी पुरतो."

त्यानं मान हलवली. "मामा, आकडा बाहेर ठेवला तो ज्या-त्या गावच्या रीतीसाठी. माझ्या सोयीसाठी न्हाई. उद्या अप्पांसमोर कोणत्या तोंडानं बसू?" आणि कॉम्प्युटर बंद करून खाली गेला. त्या आठवड्यात तो सर्व्हिसिंगलाही जाईना. आक्कानं विचारलं तर म्हणाला, मशीन चांगलं चाललंय.

बुधवारी आक्कानं मन्मथचं टिपण चार घड्या घालून माझ्या खिशात ठेवलं आणि देवापुढं बसली. मन्मथ येत नाही म्हणाला. मी एकटाच निघालो. वाटेत माझा विचार पक्का झाला होता. आयुष्यभर फुकटच्या खोड्या केल्या, आता एक कामाची करायची.

उमापूरला पोचलो. अप्पा धुतलेलं धोतर नेसून वाट बघत होते. मी म्हणालो, "अप्पा, शुभ कामाआधी एक इनंती. जीपला नवं टायर टाकलंय. तुमच्या हातून नारळ फुटावा."

अप्पांना कुणी पूजा सांगितली की त्यांना बाकी काही दिसत नाही. नारळ, कापूर, हळद-कुंकू ताटात घेऊन बाहेर गेले. जीप मी मुद्दामच लांब, लिंबाखाली लावली होती.

दुकानात गिरिजा एकटी. वह्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवत होती.

"पोरी," मी म्हणालो, "ती बाहेरची फाईल जरा उघडून दे. तळटिपेत एक शब्द चुकलाय म्हणत हुता मन्मथ."

तिनं फाईल उघडली, खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि परत वह्यांकडं गेली.

मी चष्मा लावला. पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ खाली आलो. गाव. अक्षांश. रेखांश. प्रिंटर. कमीत कमी गुणांच्या ओळीवर बोट थांबलं.

चौदा.

चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला. चौदाच. मन्मथचं टिपण माझ्या खिशात होतं, आक्कानं घातलेल्या चार घड्यांसकट. बाहेर नारळ फुटल्याचा आवाज आला.

गिरिजानं मान वर केली नाही. एक चिठ्ठी चिकटवली, अंगठ्यानं दाबली.

"केलंय, मामा," ती म्हणाली. "एकेक गुण उतरवत गेले, चौदाला जुळलं. सेव्ह बी केलंय. बंद करा आता, अप्पा यायलेत."